डबा रिकामा परत जात नाही

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी शांत बसावं, असं घरच्यांचं मत होतं. माझं नव्हतं. महाडच्या बाजारपेठेत आमच्या वडिलांचं किराण्याचं दुकान. लहानपण गल्ल्याशेजारी गेलं आणि उरलेला जन्म बँकेच्या काउंटरमागे. माणसं पैशाशी कशी वागतात हे इतकं पाहिलंय, की त्यावर तोंड बंद ठेवणं मला जमत नाही. त्यात स्वभाव तापट. शाखेत माझ्यामागे मला ‘लवंगी’ म्हणत, हे मला ठाऊक होतं आणि त्याचं वाईटही वाटत नसे. त्यामुळे एका संस्थेची माणसं घरी आली आणि पोलादपुरात दर रविवारी तरुण मुलांना पैशाचा व्यवहार शिकवाल का, छोटा धंदा कसा उभा करायचा ते सांगाल का, म्हणून विचारू लागली, तेव्हा त्यांचा चहा संपायच्या आत मी होकार देऊन टाकला.

दिवाळीनंतर वर्ग सुरू झाला. एका शाळेची खोली मिळाली होती. बाकं लहान मुलांची आणि बसणारे बारावी होऊन घरी बसलेले, त्यामुळे सगळ्यांचे गुडघे हनुवटीला लागायचे. कोणी बिरवाडीला खोली घेऊन कारखान्यात कंत्राटावर राबून परत आलेला, कोणाला शिवथरच्या घळीकडे येणाऱ्या लोकांसाठी वडापावची गाडी टाकायची होती, तर बऱ्याच जणांना काय करायचं हेच माहीत नव्हतं. मी बचत सांगितली, व्याज सांगितलं, घरचे पैसे आणि धंद्याचे पैसे एका खिशात ठेवू नयेत हे घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. सगळे माना डोलवायचे. मान डोलवण्यात आमच्याकडची मुलं फार तरबेज. बाहेर पडली की पुराणातली वांगी पुराणात.

एका रविवारी मी वैतागून पुस्तक मिटलं आणि विचारलं, आपण इथे गरिबी कमी करायला जमलोय म्हणतात, तर गरिबी म्हणजे काय ते मला तुम्हीच सांगा. पैसे नसणं, जमीन नसणं, नोकरी नसणं अशी उत्तरं आली. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तोवर ती वर्गात बोललीच नव्हती.

“घराला कुलूप लागतं, ती गरिबी,” ती म्हणाली.

वर्ग संपल्यावर मी तिला थांबवून घेतलं, तेव्हा सगळं कळलं. तिची वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. निम्म्याहून जास्त घरं बंद. माणसं मुंबईत, शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीला कुलपं निघतात, चार दिवस वाडी गजबजते आणि पुन्हा कुलपं लागतात. तिचे वडीलही मुंबईत, एका कॅन्टीनमध्ये कामाला. राहायला वाडीतल्या सगळ्या बाप्यांची मिळून एक खोली आहे तिथे. गावी ती आणि आई. आता तिच्या मोठ्या काकांनी तिच्यासाठी मुंबईत कपड्यांच्या दुकानात नोकरी बघितली होती. शिमगा झाला की तिनं त्यांच्याबरोबर जायचं, त्यांच्याच घरी राहायचं. मग आई तरी एकटी किती दिवस राहणार? आज ना उद्या तीही जाईल आणि घराला कुलूप लागेल. मुलीला जायचं नव्हतं. पण ‘इथे राहून काय करणार?’ या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हतं आणि ते शोधायला ती रविवारी दोन गाड्या बदलून माझ्या वर्गाला येत होती.

मला मुलं आवडतात, पण मी लगेच विरघळणारी बाई नाही. त्या दिवशी मात्र घरी येऊन भाजीत मीठ टाकायला विसरले.

उत्तर तिच्या शेतातच होतं. भात कापून झालं की त्याच ओलीवर त्यांच्याकडे कुळीथ पेरतात. कुळीथ भाजून, जात्यावर भरडून, पाखडून त्याचं पीठ करतात. त्या पिठाची पिठी आणि गरम भात म्हणजे आमच्या भागातल्या माणसाला पक्वान्न. मुंबईत बसून लोक तिच्या आठवणी काढतात. दुकानात पीठ मिळतं, पण ते कच्च्या भाजणीचं, गावच्या चवीचं नव्हे. मुलीच्या आईच्या हातचं पीठ मी चाखलं आणि ठरवून टाकलं की हाच धंदा.

मग हिशेबाला बसलो. कुळथाची किंमत तिनं धरली, लाकडं धरली, पिशव्या धरल्या आणि खाली रेघ मारली. मी विचारलं, भाजणार कोण? आई. भरडणार कोण? आई आणि मी. मग तुमची मजुरी कुठाय? तिनं मारलेली रेघ खोडली. पुढच्या रविवारी सांगत आली की आईला मजुरी धरायची म्हटल्यावर आई एवढी हसली की चुलीवरचे कुळीथ करपले. “स्वतःच्या घरात कुनाला मजुरी देतात काय?” असं आईचं म्हणणं. पण मुलगी हटली नाही. आईची मजुरी धरली, स्वतःची धरली, तेव्हा कुठे पिठाचा खरा भाव निघाला. तो भाव पाहून ती आधी घाबरली आणि मग ताठ बसली. कागदावर का होईना, आईच्या कामाला किंमत आली होती.

अन्नपदार्थ विकायचे तर सरकारी नोंदणी लागते. तीही पोलादपुरात सेवा केंद्रावर जाऊन तिनं स्वतः केली. गिऱ्हाईक कुठे शोधायचं, हा प्रश्नच नव्हता. शिमग्याला सगळी वाडी मुंबईहून येते. गिऱ्हाईक स्वतःच्या पायांनी दारात चालत येणार, याहून सोपं काय! सगळ्या वर्गानं मान डोलावली. तिनंही.

एकच घोडं अडत होतं. त्यांचं घर मुळात एकच, मधे भिंत घालून दोघा भावांचं केलेलं. मोठी पडवी, सारवलेलं खळं आणि घरचं मोठं जातं काकांच्या वाटणीला गेलेलं. त्या दाराला वर्षभर कुलूप आणि किल्ली काकांच्या खिशात, मुंबईत. ते ती कोणाकडेच ठेवत नसत. दर खेपेला आल्यावर पहिले दोन दिवस वाळवी झाडण्यात जायचे, तरी नाही. आईनं फोनवर भीत भीत विचारलं होतं, पडवी चार महिने वापरायला मिळेल का. काका म्हणाले होते, बघू. आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे नाही. मग मायलेकींनी शेजारच्या घरच्या लहानशा जात्यावर दिवसच्या दिवस कुळीथ भरडले. पोरीच्या तळहाताला घट्टे पडले होते. ती ते लपवायची नाही आणि दाखवायचीही नाही.

शिमग्याला तिनं मला वाडीवर बोलावलं. मी हौसेनं गेले. पालखी घरोघर फिरून गेली होती, अंगणात गुलाल सांडला होता, बंद घरांची दारं सताड उघडी होती. तिच्या ओसरीवर टेबल मांडलेलं आणि त्यावर पिठाच्या पिशव्या ओळीनं. प्रत्येकीवर छापील पट्टी, त्यावर भाव. मला म्हणाल तर बँकेच्या नव्या शाखेचं उद्घाटन असल्यासारखं वाटत होतं.

दुपारी मुंबईकर निघायला लागले. पहिली आली काकी, म्हणजे मोठ्या काकांची बायको. तिनं पिशवी हातात घेतली, उलटीपालटी करून बघितली, तोंड भरून कौतुक केलं आणि विचारलं, “माज्यासाठी किती ठेवल्यास गो?”

मुलीनं तोंड उघडलं. मी तिच्याकडे बघत होते. भाव तिच्या जिभेवर होता, मला तो दिसत होता. पण तो बाहेर आला नाही. तेवढ्यात आई पुढे झाली आणि तिनं काकीच्या पिशवीत मावतील तेवढ्या पिशव्या घातल्या. घरातलं मोठं माणूस, त्यांना कमी कसं द्यायचं! मग दुसरी आली, तिसरी आली. गावाहून जाणाऱ्याच्या पिशवीत घरचं पीक भरून द्यायचं, याला वानोळा म्हणतात. वानोळ्याला किंमत नसते. आणि अख्खी वाडी एकाच भावकीची, त्यामुळे परकं असं कोणीच नाही. पट्टीवर छापलेला भाव कोणाला दिसला नाही असं नव्हे. कोणी तो वाचून खिशाला हातही घातला, तर आईच म्हणाली, राहू दे रे, घरचंच हाय.

हे मला आधी कळायला हवं होतं म्हणावं, तर कसं कळणार? आमच्या दुकानात माझी सख्खी आत्या रोख पैसे मोजून साखर न्यायची आणि वर वजनावरून वडिलांशी भांडायची. नात्याचं नातं, दुकानाचं दुकान. इथे उलटं. बघता बघता टेबल रिकामं झालं. सगळ्यात शेवटी वाडीतली एक म्हातारी आत्या आली, मुंबईला लेकाकडे राहणारी. तिच्यासाठी काहीच उरलं नव्हतं. आई आत गेली, स्वतःच्या घरात खायला ठेवलेलं पीठ तिनं एका स्टीलच्या डब्यात भरलं आणि तो डबा आत्याच्या हातात दिला. आईच्या लग्नातला डबा, त्यावर तिचं नाव कोरलेलं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. मी त्या माउलीला बाजूला घेऊन म्हटलं, अहो, पोरीनं हातांची सालटी काढून केलेला माल, तुम्ही खिरापतीसारखा वाटलात.

तिनं माझा हात धरला. “बाई, घरच्या मानसाकडं पैसं मागितलं तर उद्या हिच्या लग्नाला तोंड कसं दाखवू? धंदा बुडंल, पुन्हा करता येईल. मानसं बुडाली तर कुठनं आनू?”

मी हात सोडवून घेतला नाही. राग गेला नव्हता, पण बँकेच्या वहीत बुडीत माणसांचं सदर नसतं.

निघताना काका भेटले. ते वाडीच्या मुंबई मंडळाचे चिटणीस. मिसरूड फुटायच्या आत मुंबईला गेलेले, भावंडांना एकेक करून ओढून नेलेले, जबाबदार माणूस. ते माझ्याशी फार आदरानं बोलले. शिकवता ते चांगलंच आहे, म्हणाले, पण गावात स्कोप नाही. रिकाम्या टेबलाकडे त्यांनी बोट दाखवलं नाही, तेवढं सौजन्य त्यांच्यात होतं. मुलीच्या आईनं विनवण्या केल्या म्हणून त्यांनी लगेच न नेता मुदत दिली. मे अखेर, मिरगाच्या आधी, येऊन घेऊन जातो.

पुढच्या रविवारी ती वर्गाला येणार नाही, अशी मी मनाची तयारी केली होती. आली. फळ्याजवळ उभी राहून तिनं सगळ्या वर्गाला सांगितलं, किती माल केला, किती विकला आणि किती वाटला. विकला शून्य. पोरं हसली, मग थांबली, कारण ती रडत नव्हती. नुकसान असं चारचौघांत उभं राहून, सबब न सांगता मांडणारे मी बँकेत फार कमी पाहिले. बहुतेक जण मॅनेजरच्या केबिनचं दार आधी लावून घेतात. मला तिचा त्या दिवशी जितका अभिमान वाटला तितका पुढे तिला यश आल्यावरही वाटला नाही.

आणि मग तो डबा परत आला.

आमच्या भागातून मुंबईला खाजगी गाड्या जातात. त्यांच्या ड्रायव्हरबरोबर औषधं, आंबे, लग्नाच्या पत्रिका, काय वाटेल ते येतं-जातं. त्यातल्या एका ड्रायव्हरनं आईचा डबा आणून दिला. आत साखर आणि साखरेवर नोटा. पाठोपाठ आत्याचा फोन आला. “रिकामा डबा कसा धाडू गो, म्हनून साखर घातली. पैशे माजे नायत हां, शेजारनीचे हायत. तिनं पिठी खाल्ली न् वेडी झाली. तिला पीठ धाड.”

रविवारी ती मला हे सांगत होती तेव्हा तिचा चेहरा मी पहिल्यांदाच असा पाहिला. मी आपलं धोरणी व्याख्यान तयार करून गेले होते: वानोळा बंद, भावकीला स्पष्ट नकार, व्यवहार म्हणजे व्यवहार. ते व्याख्यान माझ्या पिशवीतच राहिलं.

“मॅडम, पिशवी फाडून टाकून देतात,” ती म्हणाली. “डबा कुनी टाकत नाय. दुसऱ्याचा डबा घरात ठेवायला लाज वाटते, परत करावाच लागतो. आन रिकामा करता येत नाय.”

तिचं म्हणणं असं की वानोळा थांबवायचा नाही. तो डब्यातून द्यायचा आणि एका घराला एकच डबा. देताना एवढंच सांगायचं की शेजारणीला चाखवा. भावकीकडून पैसे घ्यायचेच नाहीत. शेजारीण ना आपल्या गोत्याची ना नात्याची. तिच्याकडून पुरेपूर भाव घ्यायला कोणाची ना नाही. आणि भावकीतला माणूस शेजाऱ्याचे पैसे आपणहून गोळा करून डब्यात घालील, कारण नाहीतर त्याला साखर घालावी लागेल आणि साखर काय फुकट मिळते? यावर सगळा वर्ग हसला. मी मात्र मनात हिशेब मांडत होते. आणि तो बसत होता.

डबे आणायचे कुठून? तर वाडीतल्या प्रत्येक घराच्या माळ्यावर लग्नात आलेले डबे पडलेले. मागे राहिलेल्या बायकांनी ते काढून दिले, चिंचेनं घासून लखलखीत केले. प्रत्येकावर वेगळं नाव कोरलेलं. कुळीथही त्यांनीच दिले, पीठ विकलं की पैसे या बोलीवर आणि आई नको नको म्हणत असताना पोरीनं तो भाव मोजून ठरवला. त्याही भावकीतल्याच की! पण इथे मुलगी म्हणाली, घेताना मी फुकट घेणार नाही. द्यायला वानोळा चालतो, मागायला चालत नाही.

आता यात माझा वाटा काय, तर तो रकान्यांचा. वहीत खर्च लिहिताना वानोळ्याचे डबे मी ‘जाहिरात’ या सदरात घालायला लावले. शास्त्राप्रमाणे ते बरोबरच होतं. मुलीनं घरी जाऊन आईला वाचून दाखवलं आणि आईनं दोन दिवस अबोला धरला. आत्याला दिलेलं पीठ ही जाहिरात? पुढच्या रविवारी ती बाई स्वतः वर्गाला आली, पदर खोचून. मीही काही कमी नाही. आमची चांगलीच जुंपली आणि मुलं नाटक बघितल्यासारखी बघत बसली. शेवटी तह झाला: ‘वानोळा’ असं स्वतंत्र सदर काढायचं, पण त्याला हद्द ठेवायची. कमाईतला ठरावीक हिस्सा वानोळ्याला, त्याच्यावर एक चमचाही नाही. पिशवीभर देणाऱ्या हाताला डबाभर द्यायला लावणं सोपं नव्हतं. आईला ते मनापासून जड गेलं आणि तिनं ते केलं, हे मी विसरत नाही. हिशेबाची शिस्त कमी खर्च करणाऱ्याला अवघड जात नाही. देण्यात सुख मानणाऱ्याला जाते.

डबे गेले. आठवड्याच्या आत यायला लागले. एकात नोटा, एकात नोटा आणि नातवाच्या बारशाचे पेढे, एकात नुसती साखर आणि ‘आमचे शेजारी गुजराती, त्यांना कुळीथ समजत नाही’ असा निरोप. साखरेच्या डब्याचंही ती मन लावून सांगायची. ती साखर चहाला वापरून मायलेकी रात्रंदिवस राबत होत्या. शेजारच्या लहान जात्याचे दगड टाकीनं टोचून खरखरीत केले, तरी आता पुरवठा होईना. पोलादपूरच्या गिरणीत भरडून बघितलं, तर पीठ गरम होऊन चव गेली. तो माल तिनं विकला नाही, स्वतःच्या कोंबड्यांना घातला. नाव खराब करायचं नाही, एवढं सांगायला तिला माझी गरज पडली नाही. घरचं मोठं जातं भिंतीपलीकडे होतं. कुलपाआड.

सगळ्यांचे डबे आले, एक सोडून. काकांचा डबा परत येईना. पहिलाच त्यांना पाठवला होता, सगळ्यात मोठा. काकीचा फोन नाही, निरोप नाही. आईनं त्याचा अर्थ लावला होता. “दादांना राग आलाय. त्यांनी डबा ठेवून घेतला,” एवढंच ती म्हणायची आणि विषय बदलायची. मुलीनं एका बाजूला ट्रंक काढून ठेवली होती. पीठ दळत होती, डबे भरत होती आणि ट्रंकही झटकत होती. तिला मी विचारलं, मनात काय आहे? म्हणाली, वडील काकांच्या शब्दाबाहेर नाहीत आणि मी वडिलांच्या.

मे संपत आला तसा आईचा मला फोन आला, काका येतायत, तुम्ही येऊन बोला. मी गेले ते दारूगोळा घेऊनच. कमाईचा तक्ता केला होता. कपड्यांच्या दुकानातला पगार, त्यातून मुंबईतलं खाणं, गाडीभाडं वजा जाता हातात काय उरतं आणि इथे काय उरतं, हे शेजारी शेजारी मांडलं होतं. वाटेत, रिक्षातच, दोनदा मनात काकांशी भांडूनही झालं होतं.

काका ओसरीवर बसले होते. पाणी पिऊन झालं होतं. शेजारी त्यांची बॅग आणि बॅगेवर तो डबा. मला बघून उठून उभे राहिले. मी कागद काढला. ते म्हणाले, मॅडम, ते नंतर. मग पुतणीला हाक मारून त्यांनी डबा तिच्या हातात दिला.

तिनं तो हलवला. आत काहीतरी वाजलं. साखर वाजत नाही आणि नोटाही वाजत नाहीत. तिनं झाकण उघडलं. आत किल्ली होती.

भिंतीपलीकडच्या दाराची. काकांनाच अवघडल्यासारखं झालं. मंडळाच्या बैठकीला चार माणसं येतात ती पिठाचं विचारतात, म्हणाले. मी चिटणीस आहे की पीठवाला हेच समजेनासं झालंय. काकी तर इमारतीत ‘पिठीवाल्या काकी’ झालीय. पैसे तिच्याकडे कधीचे जमलेत, पण डबा मीच अडवला. “रिकामा द्यायचा नाय म्हनतात. आन किल्ली गाडीवाल्याच्या हातात कशी देनार? म्हनून थांबलो.”

आईनं पदर डोळ्यांना लावला. मुलगी किल्ली मुठीत घेऊन उभी. मला वाटलं ती रडेल. तिनं विचारलं, “भाडं किती, काका?”

काका दचकले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, शिकवलंत हां मॅडम. आणि तिला म्हणाले, “म्हयन्याला एक डबा.”

कुलूप जुनं, दर खेपेला अडणारं. खोबरेल तेल सोडून, थोपटून, एकदाचं निघालं. पडवीत वाळवीनं पुन्हा वारूळ केलेलं, जात्यावर बोटभर धूळ. मुलीनं आधी जात्याला हात लावला, पाया पडली आणि मग केरसुणी घेतली. ट्रंक कोणी आत उचलून ठेवली ते मी पाहिलं नाही. माझा तक्ता माझ्या हातातच होता. तो मी घडी घालून पर्समध्ये टाकला.

संध्याकाळी निघताना तिनं वही पुढे केली. काकांना महिन्याला जाणारा डबा कुठे लिहायचा, वानोळ्यात की भाड्यात? या रकान्यावरून मी एकदा भांडून दमले होते, म्हणून म्हटलं, तुझ्या आईला विचार.

आई चुलीपुढे होती. तिनं मान वर केली नाही. काका समोर बसलेले असताना, मोठ्या दिरापुढे कधी आवाज न चढवलेली ती बाई स्वच्छ ऐकू जाईल अशी म्हणाली, “भाड्यात लिव. भाडेकरूला कोन उचलून मुंबईला नेत नाय.”